शिडी पोचते तिथली जाडी

४ मार्च

भाऊजी,

फोन करून उपयोग नाही हे मला ठाऊक आहे. वीस वर्षं त्या कॉम्प्रेसरच्या शेजारी काढून तुम्ही कान घालवून बसलात, आणि कानात मशीन घातलं तरी फोनवर नुसतं "हो, हो" करता. मेसेज केला तर अंगठा पाठवता. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला तरी तुम्ही नीट उत्तर देता.

ह्यांच्या कंबरेचं दुखणं तसंच आहे. गल्ल्यावर उशी घेऊन बसतात आणि गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे देताना कण्हतात, म्हणजे लोक सुट्टे मागत नाहीत. बाकी पंप मीच बघते, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको.

आता कामाचं. इथे टेम्पोवाल्यांची संघटना आहे. तिचा अध्यक्ष म्हणजे आम्ही आपसात मिशीवाला म्हणतो तो. काल तो डिझेलच्या मशीनसमोर उभा राहून पेपर मोठ्याने वाचत होता. कच्चं तेल तीन महिन्यांत पाव हिश्शाने उतरलं, असं छापून आलंय. आणि माझ्या मशीनवर भाव उतरला तो लिटरमागे चहाच्या एका घोटाएवढा. "बाई, मधलं कुठे गेलं?" म्हणतो. मी म्हटलं, भाव कंपनी रोज सकाळी कळवते, मी ठरवत नाही. तर म्हणाला, "सगळे असंच म्हणतात." आणि मागे उभे असलेले अकराच्या अकरा टेम्पोवाले हसले.

हे अकरा गेले तर माझं निम्मं डिझेल जाईल. बाहेरच्या रस्त्यावर नवा पंप झालाय, तिथे हवा फुकट आणि पाणी थंड. मग मला दोन माणसं कमी करावी लागतील, आणि ती दोन्ही माणसं सासऱ्यांच्या वेळेपासूनची आहेत. त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू?

तुम्ही तिथे तेल शुद्ध करण्याच्या कारखान्यात आहात. मला दहा ओळींत लिहून पाठवा, मधलं कुठे जातं ते. फळ्यावर लिहिते. सोपं लिहा, तुमच्या ऑफिसच्या भाषेत नको.

वहिनी


११ मार्च

वहिनी, नमस्कार.

पत्र मिळालं. दादाला सांगा, कण्हणं बंद कर आणि डॉक्टरने सांगितलेले व्यायाम कर. पैसे वाचवायचे इतरही मार्ग आहेत.

तुमच्या दहा ओळी. कच्चं तेल म्हणजे धान्य समजा आणि डिझेल म्हणजे पीठ. लोक पीठ विकत घेतात, धान्य नाही. धान्य स्वस्त झालं, पण गावातल्या पाच गिरण्यांपैकी दोन बंद पडल्या तर पीठ स्वस्त होत नाही. उरलेल्या तीन गिरण्यांपुढे रांग लागते आणि दळणाचा दर वाढतो. सध्या जगात तसं झालंय. काही जुने कारखाने कायमचे बंद झाले, काही दुरुस्तीला थांबलेत, आणि डिझेलची मागणी आहे तेवढीच आहे. कच्च्या तेलाच्या आणि डिझेलच्या भावात जो फरक पडतो तो आमचा नफा. मधलं जातं ते इथे येतं, वहिनी. त्यावर कर आणि वाहतूक वेगळी.

आमच्या गेटवर पूर्वी एकच फळा होता, अपघाताविना किती दिवस गेले त्याचा. आता त्याच्याशेजारी एक स्क्रीन लावलाय. त्यावर आज पिंपामागे किती सुटले तो आकडा लाल अक्षरांत येतो. सकाळी कामावर येणारा प्रत्येकजण आधी तिकडे बघतो. मीसुद्धा बघतो.

जड तेल फोडून त्याचं डिझेल करणारं आमचं मोठं युनिट ठरल्यापेक्षा सहा टक्के जास्त चालतंय. ते दर चार वर्षांनी महिनाभर बंद ठेवून आतून तपासायचं असतं. ती वेळ एप्रिलमध्ये येते. पण असा भाव असताना कोण बंद ठेवेल? साहेबांनी सहा महिने पुढे ढकलायचं ठरवलंय. त्यासाठी तीन सह्या लागतात, चालवणाऱ्यांची, दुरुस्तीवाल्यांची आणि तपासणीची. तपासणीची सही माझी. ती काही फार मोठी गोष्ट नाही.

माझं काम तेच चालू आहे, पाइपांची जाडी मोजायची. इथे मला सगळे जाडीसाहेब म्हणतात आणि माझ्या अंगाकडे बघून हसतात. तब्येत ठीक.

तुमचा,
भाऊजी


१९ मार्च

भाऊजी,

तुमची गिरणी फळ्यावर लिहिली. अक्षर ह्यांचं, म्हणून कुणाला वाचता येईना, मग मीच मोठ्याने वाचून दाखवलं.

मिशीवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, पटलं. तर म्हणतो, "म्हणजे गिरणीवाला तुमच्या घरातलाच!" आता त्या अकरा जणांत तुम्ही गिरणीवाले म्हणून प्रसिद्ध आहात. कुणी डिझेल भरलं की "दिरांना आमचा नमस्कार सांगा" म्हणून जातो. पण एक झालं. शिव्या हसण्यावर आल्या आणि टेम्पो अजून तरी इथेच येताहेत. महिनाअखेरपर्यंत थांबतो, असं अध्यक्ष म्हणाला.

एक गोष्ट मी फळ्यावर लिहिली नाही, ती तुम्हाला सांगते. कंपनीचा भाव चढला की मी त्याच सकाळी चढवते. उतरला की एक-दोन दिवस थांबते. कंपनी फक्त वरची मर्यादा सांगते, खाली विकायला आडकाठी नसते, पण खाली यायचा माझा हात जड होतो. टाकीत महागाचं तेल पडलेलं असतं ना! सगळे पंपवाले असंच करतात. तेव्हा मधलं थोडं इथेही येतं. मिशीवाल्याला हे कळलं तर तो माझ्या फळ्याची होळी करील.

तर माझं म्हणणं असं. पीठ कमी म्हणून महाग, हे मला कळलं. मग गिरणी जोरात चालवा. ते युनिट बंद-बिंद ठेवायच्या भानगडीत पडू नका. डिझेल भरपूर येऊ द्या म्हणजे भाव आपोआप खाली येईल आणि माझी सुटका होईल. सही काही मोठी गोष्ट नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मग द्या की ठोकून.

वहिनी


२८ मार्च

वहिनी,

पत्र पोचलं. कामाची गडबड आहे, थोडक्यात लिहितो.

तुमच्याकडे डिझेलच्या दोन टाक्या आहेत ना? त्यांत साधारण किती दिवसांचं डिझेल असतं? समजा, आठवडाभर टँकर आला नाही, तर पंप बंद ठेवावा लागेल का? त्या अकरा टेम्पोंना दुसरीकडे मिळेल का? सहज विचारतो आहे.

दादाला व्यायाम करायला सांगा.

भाऊजी


३ एप्रिल

भाऊजी,

समजलं! एवढं सूचक लिहायची काही गरज नव्हती, तुमचं पत्र इथे दुसरं कुणी फोडत नाही.

एरवी माझ्याकडे पाच दिवसांचा साठा असतो. तुमचं पत्र ३१ तारखेला आलं. त्याच दुपारी मी बँकेत जाऊन मुदत ठेव मोडली आणि १ तारखेला नेहमीच्या दुप्पट डिझेल मागवलं. दोन्ही टाक्या गळ्यापर्यंत भरून घेतल्या. टँकरचा ड्रायव्हर म्हणाला, "बाई, लग्नकार्य आहे का घरात?" मी म्हटलं, आहे असंच समजा.

ह्यांना आधी पटेना. "तो असल्या गोष्टी सांगणाऱ्यातला नाही," असं दोनदा म्हणाले. मी म्हटलं, तो सांगत नाही, विचारतो, हीच त्याची सांगायची तऱ्हा. लग्न ठरवतानासुद्धा तुम्ही आम्हाला विचारलं होतंत, "दोन खोल्यांचं घर पुरेल का?" तेव्हा आम्ही ओळखलंच ना!

भाव चढू द्यात आता. इतकी वर्षं आपला माणूस कारखान्यात आहे आणि आम्हाला पहिल्यांदाच त्याचा उपयोग होतो आहे.

वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. मी तुम्हाला सूचना दिली नव्हती. मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. आता पहिल्यापासून सांगतो. ते आधीच सांगायला हवं होतं.

पाइपांवर आम्ही रंगाने गोल केलेले असतात. दर वर्षी त्याच गोलावर मशीन टेकवून जाडी बघायची आणि वहीत उतरवायची. जागा बदलायची नाही, म्हणजे मागच्या वर्षीशी ताळा जुळतो. असा आमचा नियम आहे आणि तो चांगला आहे. मार्चच्या मध्यावर त्या मोठ्या युनिटचा एक पाइप मोजत होतो. मशीन टेकवण्याआधी लावायची जेली हातातून सांडली, ती गोलाच्या वीतभर पुढे, जिथे पाइप वळतो तिथे. पुसायच्या आधी, आता लागलीच आहे तर बघू या, म्हणून तिथे मशीन टेकवलं. गोलात आकडा होता ६.८ मिलिमीटर. वळणावर ३.१. चाराच्या खाली गेलं की पाइप बदलायचा असतो. आत दाब किती असतो ते तुम्हाला लिहीत नाही.

मग मी बाकीचे गोल बघत फिरलो, आणि मला जे दिसलं ते वीस वर्षांत दिसलं नव्हतं. सगळे गोल आमची शिडी पोचते तिथे आहेत. माझ्या आधीच्या माणसाने हाताला येईल तिथे गोल काढले आणि मी वीस वर्षं इमानेइतबारे तिथलीच जाडी मोजली. पाइप झिजतो वळणावर. बहुतेक वळणांपर्यंत शिडी पोचत नाही, हे एकच हाताशी होतं. ही चूक माझी आहे, वहिनी, दुसऱ्या कुणाची नाही.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, गोलाबाहेरचा आकडा वहीत येत नाही, आणि वहीतले आकडे उत्तम आहेत, सही करा. ते वाईट माणूस नाहीत. त्यांना वरून रोज फोन येतो, आणि गेटवरचा तो लाल आकडा माझ्याइतकाच त्यांनाही दिसतो. मी परत मोजलं, २.९ आला. तुम्हाला पत्र लिहिलं ते त्याच दिवशी. युनिट थांबलं तर या भागात डिझेल तुटणार हे मला माहीत होतं. तुमचा पंप कोरडा पडेल, ते टेम्पोवाले जातील, ती दोन माणसं जातील, हे सगळं डोक्यात होतं. "द्या की ठोकून" हे तुमचं वाक्यही होतं. मी जवळजवळ तीन आठवडे सही केली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. याची मला लाज वाटते.

५ तारखेला नाही म्हटलं. तीन सह्यांशिवाय विमा लागू राहत नाही, म्हणून ७ तारखेला युनिट थांबवावं लागलं. भाव कसा चढला ते तुम्ही मशीनवर पाहिलंच असेल.

आता पुढचं. युनिट थांबायच्या सहा दिवस आधी एका पंपाने दुप्पट डिझेल उचललं, आणि त्या पंपाच्या मालकाचं आडनाव माझंच आहे, हे विक्री खात्याच्या लक्षात आलंय. साहेबांचं म्हणणं असं की पाइपाचं निमित्त आहे, मी घरच्यांच्या फायद्यासाठी युनिट बंद पाडलं. तीन जणांची समिती नेमली आहे. वळण कापून बघायचं की गोलातला आकडा खरा मानून युनिट तसंच चालू करायचं, हे समिती ठरवणार. मी खोटा ठरलो तर पाइप तसाच राहील. नोकरी तर जाईलच.

समिती तुम्हाला पत्र पाठवेल. मला वाचवायला काही रचून लिहू नका. घडलं तसं लिहा.

भाऊजी


१६ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र १२ ला मिळालं. मी ते गल्ल्यावर उभ्या उभ्या वाचलं आणि मग आत जाऊन बसले. मला माझाच राग आला, आणि तुमचाही आला. एवढं सगळं मनात ठेवून "सहज विचारतो" म्हणून कोण लिहितं हो?

समितीचं पत्र १३ ला आलं. खरं सांगते, आधी मी खोटंच लिहिलं. पेपर वाचून मला स्वतःलाच वाटलं की भाव चढणार, दिराचा काही संबंध नाही, असं. अक्षर चांगलं काढलं होतं. ह्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "त्याने आकडा लपवला असता तर तो आज सुखात असता. आपण त्याच्या नावावर खोटा आकडा लिहायचा नाही." इतकं लांब वाक्य ह्यांच्या तोंडून मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. मी तो कागद फाडला.

मग घडलं तसं लिहिलं. दिराने एक प्रश्न विचारला, त्याचा मी हावरटपणाने भलताच अर्थ लावला, आणि ते आम्हाला फायदा व्हावा म्हणून नव्हतं हे त्याच्या पुढच्या पत्रातून कळलं. तुमची तिन्ही पत्रंही सोबत जोडली. तुम्हाला न विचारता जोडली, रागवायचं तर रागवा.

आणखी एक लिहिलं. ८ ते ११ असे चार दिवस मी चढ्या भावाने विकलं आणि त्या चार दिवसांत मी फार खूश होते. १२ ला तुमचं पत्र वाचून मशीनवर जुना भाव लावला. टाक्या संपेपर्यंत जुन्याच भावाने विकलं. मशीनच्या मीटरचे आकडे तारखांसकट समितीला पाठवले. चार दिवसांचा जादा पैसा टेम्पोवाल्यांना परत केला, कारण त्यांची वही असते. मोटारवाले आले आणि गेले, त्यांना कुठे शोधणार? मिशीवाल्याने पैसे मोजून घेतले आणि म्हणाला, "बाई, तब्येत बरी आहे ना?"

रांग इतकी लांब लागली की नव्या पंपावरची माणसं बघायला आली होती. परवा दोन्ही टाक्या संपल्या. आज पंप बंद आहे. अकरापैकी नऊ जण म्हणालेत, टँकर आला की कळवा. दोघे गेले.

ती दोन माणसं आज पंप धुऊन काढताहेत. त्यांना मी काहीही सांगितलेलं नाही आणि सांगायची वेळ येऊ देणार नाही.

तुमची नोकरी गेली तर इथे या. पण ते वळण त्यांनी कापून बघायलाच हवं.

वहिनी


६ मे

वहिनी,

समितीने तुमचं पत्र माझ्यासमोर वाचून दाखवलं. "हावरटपणाने" हा शब्द आला तेव्हा समितीतल्या वयस्कर बाई हसल्या. मीटरचे आकडे त्यांनी पंपाच्या बिलांशी ताडून पाहिले. दुसऱ्या दिवशी वळण कापायचा हुकूम निघाला.

मी तिथे होतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला सगळ्यात पातळ जागी जाडी १.७ निघाली. मशीन लावायची गरजच नव्हती, कापलेली कड उघड्या डोळ्यांना दिसत होती. साहेबांनी तिच्यावर बोट फिरवलं आणि ते निघून गेले. संध्याकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मी तुम्हाला सही करायला सांगितलं होतं." मी म्हटलं, हो. आता सगळ्या कारखान्यात परांची बांधून वळणांवर नवे गोल काढताहेत. युनिट चार दिवसांपूर्वी सुरू झालं.

निकाल असा. पाइपाच्या बाबतीत मी बरोबर. पत्रात डिझेलबद्दल विचारलं ते चूक, कारण कारखान्याच्या आतली गोष्ट बाहेर जाईल असं मी वागलो. हे मला मान्य आहे. तपासणीच्या सहीचा अधिकार काढून घेतला आणि मला भांडारात बसवलंय. तिथे नटबोल्ट मोजतो. नोकरी राहिली.

बदलीचा कागद आणि दुसरा एक कागद मला शिपायाने एकाच वेळी आणून दिला. दुसरा बोनसचा होता. आमचं युनिट थांबल्यामुळे डिझेल तुटलं, मधला फरक वाढला, आणि कंपनीच्या दुसऱ्या कारखान्याने त्या महिन्यात इतकं कमावलं की आमचं बुडालेलं भरून वर उरलं. म्हणून सगळ्यांना बोनस. तुमच्या फळ्यासाठी मी मार्चमध्ये जे लिहिलं त्यात ही गोष्ट राहून गेली होती, कारण मलाच माहीत नव्हती. त्या पैशांचं काय करावं ते अजून ठरवलेलं नाही.

भाव आता उतरू लागेल. एक-दोन दिवस थांबू नका.

भाऊजी


१४ मे

भाऊजी,

भाव परवा उतरला. मी त्याच सकाळी उतरवला, आणि तेव्हा टाकीत महागाचं तेल होतं. हे मुद्दाम लिहिते आहे, म्हणजे तुम्ही परत विचारणार नाही. गेलेल्या दोघांपैकी एक परत आला. बोनस ठेवून घ्या आणि त्यातून कानांचं चांगलं मशीन घ्या. त्या कारखान्याने जे नेलंय ते त्याच्याच पैशाने भरून निघू दे.

आता दुसरं. काल तुमच्याकडून भरून आलेल्या टँकरचा ड्रायव्हर इथे चहा पीत बसला होता, तोच, लग्नकार्य विचारणारा. त्याला तुमची सगळी हकीकत ठाऊक आहे. तुम्ही आम्हाला न लिहिलेलीसुद्धा. तो म्हणाला की तपासणीची खोली त्या वळणाच्या बरोबर खाली आहे. मार्चमध्ये ते ३.१ निघालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही खोलीतल्या दोघांना, इथे रंगकाम आहे, वास येईल, असं सांगून पलीकडच्या इमारतीत बसवलंत. रंगकाम काही झालं नाही. तुम्ही स्वतः मात्र तिथेच बसत होतात, युनिट थांबेपर्यंत तीन आठवडे. मला "सहज विचारतो" हे पत्रही तिथेच बसून लिहिलंत ना?

ह्यांनी ऐकलं आणि कंबर धरून उठले, ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी जवळ गेले तर म्हणाले, "व्यायाम करतोय."

आणि मी तुम्हाला काय लिहिलं होतं? गिरणी जोरात चालवा. सही द्या ठोकून. दोन टाक्या भरल्या आणि भाव कधी चढतोय म्हणून रोज सकाळी मशीनकडे आशेने बघत होते. ते वळण फुटलं असतं तरी भाव चढलाच असता, भाऊजी. फोन तुम्ही घेत नाही, अंगठा आला नाही तर आम्ही काळजी करत नाही. आम्हाला ते आधी मशीनवर दिसलं असतं, आणि मी खूश झाले असते.

वहिनी